वावरातलं कुत्रं, घरातलं कुत्रं

घाटंजी तालुक्यात, टिपेश्वर अभयारण्याच्या कडेला ज्याचं वावर आहे, त्याच्याकडे कुत्री असतातच. ती कधी आली, कुठून आली हे त्याला सांगता येत नाही. रात्री पीक राखायला, जागलीला निघाला की मागे असतात, एवढंच त्याला ठाऊक. यवतमाळ शहरात कुत्रं घरात येतं ते तारीख-वार घेऊन, लसीच्या कार्डासकट. माझ्या शेजारच्या कुटुंबात हे दोन्ही प्रकार आहेत. थोरला भाऊ जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला, दारव्हा रोडला घर, घरात लॅब्रॅडॉर. धाकटा गावी शेती करतो. कापसाच्या कामानं शहरात आला की मुक्काम भावाकडे, आणि संध्याकाळी कुत्र्यावरून वाद ठरलेला.

वाद भावाभावांत होत नाही. तो होतो थोरल्याची बायको आणि धाकटा दीर यांच्यात. थोरले त्या वेळी कुत्र्याला घेऊन फिरायला गेलेले असतात. वहिनींनी उभी हयात शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे मुद्दा सोडत नाहीत. भाऊजींनी उभी हयात जंगलाच्या काठावर काढली, त्यामुळे मुद्दा मानत नाहीत. मी चहाला बसतो आणि शक्यतो गप्प राहतो.

भाऊजी : वहिनी, हे दाण्याची पिशवी केवढ्याची?

वहिनी : ब्रुनोच्या खाण्याची? विचारूच नका.

भाऊजी : मी छापील किंमत पाह्यली ना. हिशेब बी केला. यंदाच्या २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल. म्हणजे किलोले ८१. तो बी सीसीआयच्या केंद्रावर आठ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला का कटोती. अन् ह्या कुत्र्याचं दाणं किलोमागं त्याच्या दुपटीच्या वर. म्हणजे हे एक वाडगं भरायले माह्या वावरात बाई किती वेळ कापूस वेचन, ते सांगा.

वहिनी : रोज दोन्ही वेळ तेच देत नाही हो. सकाळी तेवढं, संध्याकाळी ज्वारीची भाकर आणि अंडं. डॉक्टर म्हणतात, दूध कमी करा, मोठ्या कुत्र्याला पचत नाही. कांदा द्यायचा नाही, द्राक्षं-मनुका द्यायच्या नाहीत, चॉकलेटला तर हातही लावू द्यायचा नाही.

भाऊजी : आमचा मोती कांद्याची भाजी खाते.

वहिनी : आणि जगतो किती वर्षं तुमचा मोती?

इथे भाऊजींनी चहाचा एक लांब घोट घेतला. वावरातली कुत्री म्हातारी होताना फारशी दिसत नाहीत, हे त्या भागात हिंडलेल्या कोणालाही माहीत आहे. एखाद्याला रस्त्यावर गाडी उडवते, एखादं भर झडीत आजारी पडून कुठल्या तरी धुऱ्याच्या आडोशाला जातं ते परत येत नाही, आणि बऱ्याच जणांना बिबट नेतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचं खाणं तपासलं होतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वजनाच्या हिशेबानं ८७ टक्के भक्ष्य माणसाच्या जनावरांचं निघालं, आणि त्यातही एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळीपेक्षा कुत्रं जास्त. कारण उघड आहे : शेळी रात्री कोठ्यात असते, कुत्रं बाहेर.

भाऊजी : चार-पाच वर्षं. मागचा बिबट्यानं नेला. पण जगला तेवढा कामाचा जगला, वहिनी. तुम्ही जागलीले कधी आल्या नाही म्हणून सांगतो. हरभरा घाट्यावर आला का रात्री डुकराचा कळप उतरते. तूर शेंगेवर आली का रोही. आता झटका मशीन आली, तरी माणूस लागतेच. माळ्यावर बसून जागतो आपण, पण दोनच्या पुढं डोळा लागते. कुत्र्याले वास आपल्या अगोदर येते. पहिले कान उभे होते. मंग बारीक गुरगुर. त्या गुरगुरीवरून मले समजते काय आलं ते. डुक्कर असन तर चारही जण भुकत भुकत सुटते. रोही असन तर मोती धुऱ्यालोक जाते अन् वापस येते, त्याले माहीत हाय का रोही पळतेच. अन् ज्या दिवशी तो भुकतच नाही, शेपूट पोटाखाली घालून माळ्याच्या खांबाले येऊन चिकटते, त्या दिवशी मी खाली पाय ठेवत नाही. सकाळी पांदणीत पंजा दिसते.

वहिनी : मग तुमच्याही जगण्यात कुत्र्यानं फरक पाडलाच की.

भाऊजी : कायचा फरक? जागल माह्या आज्यापासून हाय. कुत्रं होतं तरी जागल, नसलं तरी जागल. तो माह्या वेळेनं उठते, मी त्याच्या वेळेनं उठत नाही. तुमच्या इथं उलटं होऊन राह्यलं.

वहिनी : उलटं झालं, हे खरं आहे. तेही आम्ही ठरवून केलेलं नाही. ब्रुनोला लेकानं आणलं, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरून काम करत होता तेव्हा. ऑफिस उघडलं तसा तो पुण्याला गेला आणि कुत्रं इथे राहिलं. त्याच्या फ्लॅटमध्ये तिघं मुलं, दिवसभर कुलूप. कुत्र्याला कुठे ठेवणार? पहिले काही महिने मी नुसती चिडून होते.

वहिनींच्या या वाक्यात यवतमाळसारख्या गावांची एक सबंध पिढी सापडते. मुलांनी हट्टानं आणलेली कुत्री आणि नोकरीसाठी पुण्या-बंगळुरूला गेलेली मुलं. मागे राहतात साठीतले आई-बाप आणि ज्याला फिरवायला दिवसातून दोनदा न्यावंच लागतं असं तीस किलोचं जनावर. कुत्र्यामुळे माणसाची दिनचर्या बदलते असं म्हणताना आपण तरुण, हौशी मालक डोळ्यांपुढे आणतो. इथे ज्यांची बदलली त्यांनी कुत्रं मागितलंच नव्हतं.

वहिनी : यांना शुगर निघाली तेव्हापासून डॉक्टर सांगत होते, रोज पाऊण तास चाला. बूट आणले. चार दिवस चालले. मग बूट कपाटात. मी बोलून थकले. ब्रुनोला मात्र यांना नाही म्हणता येत नाही. पहाटे साडेपाचला येऊन पांघरूण ओढतो. ओढूनही उठले नाहीत तर पट्टा तोंडात धरून उशाशी बसतो, आणि असा बघतो की मेलेला माणूस उठेल. उन्हाळ्यात तर सातच्या आत परत यावं लागतं. मे महिन्यात इथला पारा ४४-४५ वर जातो, डांबर सकाळीच तापायला लागतं. आपल्या पायात चप्पल असते, त्याचे तळवे भाजतात. म्हणून हे रात्री दहाला झोपायला लागले. टीव्हीवरच्या चर्चा बंद. रात्रीचं जेवण आठला. हे सगळं त्या डॉक्टरनं बारा वेळा लिहून दिलं होतं.

भाऊजी : आमच्या बापानं बी सांगितलं होतं.

वहिनी : आणि माणसं ओळखीची झाली. निवृत्तीनंतर यांचं बाहेर पडणंच थांबलं होतं. ऑफिसात होते तोवर लोक साहेब म्हणायचे, नंतर कोणी हाक मारेना. आता अख्ख्या कॉलनीत ‘ब्रुनोचे बाबा’.

भाऊजी : घराण्याचं नाव कुत्र्यावर आलं म्हणा ना.

वहिनी : हसा. पण यावर अभ्यास झालेत. स्वीडनमध्ये प्रत्येक कुत्र्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते, त्यामुळे हिशेब पक्का. त्यांनी चाळीस ते ऐंशी वयाच्या ३४ लाख लोकांची बारा वर्षांची माहिती तपासली, २०१७ मध्ये छापली. एकट्या राहणाऱ्यांमध्ये ज्यांच्याकडे कुत्रं होतं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ३३ टक्क्यांनी कमी निघाला.

भाऊजी : एक सांगा. ज्याचे गुडघे गेले, ज्याच्या छातीत दुखते, तो कुत्रं घेईन का? जो चालू शकते तोच घेते. मंग कुत्र्यानं त्याले धडधाकट केलं का तो पहिलेच धडधाकट होता?

मला भाऊजींचं कौतुक वाटलं. तो अभ्यास करणाऱ्यांनीही हीच शंका स्वतःहून नोंदवून ठेवली आहे : आकडे संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. पण या घरापुरता तो आक्षेप लागू पडत नाही. इथे न चालणाऱ्या माणसाच्या गळ्यात कुत्रं पडलं आणि तो चालायला लागला. वहिनींनी हे भाऊजींना सुनावलंही. मात्र भाऊजींनी पुढचा प्रश्न असा टाकला की त्या क्षणभर थांबल्या.

भाऊजी : दादा चालते, मान्य. बाकीचं कोण करते?

वहिनी : म्हणजे?

भाऊजी : हे सोफ्यावरचे केस. हे भाकर. गोचीड काढनं. उलटी केली तं पुसनं. मी आल्यापासून पाहून राह्यलो, दादाच्या हातात फक्त पट्टा हाय. अन् आईच्या वर्षश्राद्धाले तुम्ही एकट्याच आल्या. दादा कुत्र्याजवळ थांबला. माय कोणाची होती?

वहिनी : ते चुकलंच. भांडणही झालं त्यावरून. तेव्हापासून लग्नकार्याला आम्ही दोघं मिळून जातच नाही. पुसदला भाचीच्या लग्नाला मी रात्रीच्या रात्री परत आले. लेक पुण्याला बोलावतो, तर एकानं जायचं, एकानं राहायचं. कुत्र्याला चार दिवस सांभाळणारं इथे कोण आहे?

भाऊजी : तेच मी म्हणतो. शुगर त्याची उतरली, काम तुमचं वाढलं.

वहिनी : वाढलं. पण एक सांगू? या घरात माझं काम कोणाला दिसतच नव्हतं. दोन मुलं वाढवली, यांना कधी माहीत नव्हतं दूध कुठल्या भांड्यात तापतं. आता ब्रुनोच्या पाण्याचं भांडं रिकामं दिसलं की हे स्वतः उठतात. अंडं उकडतात. केस झाडायचा ब्रश यांच्या हातात पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी दारातच उभी राहिले. माणसांसाठी नाही उठले, कुत्र्यासाठी उठले. राग येतो. पण उठले, हेही खरं.

कुत्र्यांच्या फायद्यांवरच्या लिखाणात पावलं मोजलेली असतात, रक्तदाब मोजलेला असतो. घरातली फरशी कोणी पुसली हे सहसा मोजलेलं नसतं. मला वाटतं, कुत्र्यानं घर बदललं की नाही हे आधी तिथे तपासावं. या घरात उत्तर अर्धंमुर्धं आहे आणि वहिनी ते लपवत नाहीत.

भाऊजींनी मग मोर्चा जातीकडे वळवला. लॅब्रॅडॉर हे कुत्रं मुळात कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या गार समुद्रावरच्या कोळ्यांचं. अंगावर दुहेरी केस. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडाफार तळव्यांना, बाकी सगळी भिस्त धापा टाकण्यावर. तेव्हा विदर्भाच्या उन्हाळ्यात हे जनावर दुपारभर कूलरसमोर पडून असतं आणि वीज गेली की घरातली माणसं स्वतःआधी त्याला ओलं फडकं घालतात.

भाऊजी : बाहेरदेशी कुत्र्याचं इथं काय काम? अवनीच्या वक्ताले नाही पाह्यलं आपण? इटलीची कुत्री आणली होती वाघीण हुडकायले. आमच्या पोरायनं फोटो दाखवले, एकेक पाडसाएवढं. आमचे म्हातारे म्हणत, हे कुत्रं वाघीण हुडकन का वाघीण ह्याले?

हा प्रसंग खराच घडला. राळेगाव-पांढरकवडा भागात १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेल्या टी-१ म्हणजेच अवनी वाघिणीच्या शोधात २०१८ च्या ऑक्टोबरात एका नामवंत गोल्फपटूची केन कोर्सो जातीची कुत्री आणली होती. त्याशिवाय हत्ती झाले, पॅराग्लायडर झाले, वाघिणीला भुलवायला परदेशी अत्तरही शिंपडून झालं. शेवटी २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या जंगलात ती गोळीनंच मेली. कुत्र्यांचा दोष नव्हता. त्यांना ज्या रानात सोडलं ते त्यांचं नव्हतं.

वहिनी : मग तेच तुमच्या मोतीबद्दल म्हणा. टिपेश्वरचं रान तरी त्याचं आहे का?

भाऊजी : तो कुठं जाते टिपेश्वरात?

वहिनी : दिवसभर कुठे असतो, सांगा बरं. तुम्हालाच माहीत नसतं. अवघं १४८ चौरस किलोमीटरचं अभयारण्य, चहूबाजूंनी गावं. चितळाच्या पाडसामागे कुत्री लागतात, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. आणि रोग? २०१८ मध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरच्या जंगलात २३ सिंह गेले, आठवतं? त्यांतल्या काहींच्या अंगात डिस्टेंपरचा विषाणू सापडला. कुत्र्यांमध्ये नेहमी असणारा रोग आहे तो. म्हणून मोकाट कुत्र्यांना जंगलाच्या कडेला लस देतात. ब्रुनोला ती लस आहे. मोतीला?

भाऊजी : मोती मोकळा हाय वहिनी. माहूरले जाता ना तुम्ही दरवर्षी? दत्ताच्या पायाशी चार कुत्री हायेत. एकाच्या बी गळ्यात पट्टा नाही.

वहिनी : दत्ताच्या कुत्र्यांना रेबीज होत नाही.

पैनगंगेपलीकडचा देव असा मध्ये आला की वाद तिथे संपावा, पण वहिनींच्या तोंडून ‘रेबीज’ हा शब्द निघाला होता आणि भाऊजी एकदम शांत झाले. त्यांचा नातू चार वर्षांचा. मोतीच्या अंगावर लोळतो, त्याच्या तोंडात हात घालतो. गावात गेल्या पावसाळ्यात एका गड्याला कुत्रं चावलं होतं. त्यानं जखमेला हळद-मिरची लावली आणि वावरात गेला. घरच्यांनी दुसऱ्या दिवशी ओढून ग्रामीण रुग्णालयात नेलं म्हणून लस सुरू झाली.

वहिनी : हळद नाही, मिरची नाही, चुना नाही. नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि तडक दवाखाना. एकदा लक्षणं दिसली की मग कोणाच्याच हातात काही राहत नाही. मुलाला चावल्यावर धावायचं, की कुत्र्याला आधीच टोचून आणायचं? पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस, डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, मग वर्षातून एकदा. एवढंच आहे. तुमच्या बैलांना पोळ्याआधी खरारा करता, शिंगं रंगवता, लाळ्या-खुरकुताची लस टोचता.

भाऊजी : बैलाले टोचायले डॉक्टर दारात येते.

वहिनी : कुत्र्यासाठीही बोलवा.

भाऊजी थोडा वेळ काही बोलले नाहीत. बोलले तेव्हा आवाजातली थट्टा गेली होती.

भाऊजी : सोमवारी ढोराच्या दवाखान्यात लस भेटन का घाटंजीले?

वहिनी : फोन करून विचारा आधी. चौघांची म्हणून सांगा, म्हणजे मागवून ठेवतील. पण नेणार कशी?

भाऊजी : नेनं सोपं हाय. छोटा हत्ती सांगतो. पकडनं कठीन. मोती येईन, काळ्या येईन. पण लाल्याले अन् त्या पांढरीले आजवर कोणी हात लावला नाही. दिवसा ते कुठं असते ते समजतच नाही. जागलीच्या वक्ताले बरोब्बर हजर.

वहिनी : मग त्यांना सवय लावा. आठ दिवस रोज एकाच जागी, एकाच वेळी भाकर टाका. त्या वेळेला आपोआप येऊन बसतील. खाताना पाठीवरून हात फिरवा. नवव्या दिवशी गळ्यात दोरी घालता येईल.

भाऊजी : रोज?

वहिनी : रोज. समजा, सकाळी सातला.

भाऊजी : साताले तं मी जागलीहून येऊन झोपलेला राह्यतो.

वहिनी : मग?

भाऊजी : सूनबाईले सांगतो.